पुसलेला विषय

महाडच्या एसटी स्टँडवर शरद रणनवरे यांनी उभ्या नोकरीत माईकवरून एकच काम केलं. कोणती गाडी कुठून आली, कुठे जाणार आणि तिला उशीर का झाला, हे ते लोकांना सांगत. निवृत्तीनंतर माईक गेला आणि सवय राहिली. फक्त गाड्यांच्या जागी माणसं आली.

हे नवं काम ते प्रार्थनेत करत, त्यामुळे कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती. महाड-पोलादपूरची ख्रिस्ती मंडळी तशी मूठभर. कुणी एमआयडीसीत नोकरीला आलेले, कुणी नगरकडून बदलून आलेले शिक्षक, दवाखान्यातल्या एक-दोन नर्स, काही इथलीच घरं. रविवारी हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये उपासना आणि बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी सभा. बुधवारी गाणी झाली, वचन झालं, की पाळक नथानिएल शेजवळ चष्मा पुसत विचारत, "प्रार्थनेचे विषय?" मग एकेकाने उठून विषय द्यायचा आणि बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची, अशी पद्धत.

पद्धत चांगलीच आहे. अडचण एवढीच, की कुणी सरळसरळ चुगली करायला लागला तर मंडळी त्याला थांबवते, पण "मनावर ओझं आहे" म्हणून त्याने तेच सांगितलं तर सतरंजीवर पुढे सरकून बसते.

"विषय असा आहे," शरदराव उभे राहून डोळे मिटत, "की आपल्या एका बांधवाचा थोरला मुलगा पुण्यात राहतो. तो एकटा राहत नाही. प्रभूला सगळं माहीतच आहे. मुलगी नाशिकची आहे."

"नाव सांगा, शरदराव," इरावतीबाई गोर्डे म्हणत. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. प्रार्थनासुद्धा मुद्देसूद हवी, असं त्यांचं मत. "नावाशिवाय नेमकी प्रार्थना करता येत नाही."

"नाव घेणं बरं दिसत नाही, बाई."

"मग देवाला कळणार कसं, कुणासाठी ते?"

"देवाला कळतं हो."

"आणि आम्हाला?"

यावर शरदराव उसासा टाकून नाव सांगत. मग सगळे मिळून त्या मुलासाठी मनापासून प्रार्थना करत, आणि शनिवारपर्यंत ती गोष्ट पोलादपूरच्या पलीकडे आंबेनळी घाट चढू लागलेली असे.

शरदरावांना ढोंगी म्हणता येणार नाही, हाच त्यातला त्रास होता. ते प्रार्थनेत रडत आणि ते रडणं खरं असे. ओझंही खरं असे. फक्त ते उतरवताना कुणाच्या पायावर पडतं, हे बघायला डोळे उघडे लागतात, आणि ते तर मिटलेले असत.

हे सगळ्यात जास्त जिला माहीत होतं, ती त्यांची बायको अनुपमा. ती मंडळीत पेटी वाजवत असे. लग्न होऊन महाडला आली तेव्हापासून एकही उपासना तिच्या पेटीवाचून झाली नव्हती, एक आजारपण सोडलं तर. ते आजारपण म्हणजे तिचं गर्भाशय काढलं तेव्हाचं. ती दवाखान्यातून परत येऊन पहिल्याच रविवारी पेटीवर बसली, आणि शरदरावांनी उपकारस्तुतीच्या वेळी माईक हातात घेऊन प्रभूने त्यांच्या पत्नीला कशातून सोडवलं हे अवयवाच्या नावासकट सांगितलं. टाके किती होते तेही. अनुपमाने मान खाली घातली आणि पुढचं गाणं एक पट्टी वरून सुरू केलं. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला सांगितलं की देवाला कळतं, आणि देवाला सांगितलं की पोलादपूरला कळतं."

शरदराव हसले होते. त्यांना ते कौतुक वाटलं होतं.

दिवाळी उलटून थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. शरदराव सकाळी नेहमीप्रमाणे स्टँडवरच्या बाकावर बसले होते. शेजारी काशीराम येऊन टेकला. हा तुडीलचा, त्यांच्याच बरोबर निवृत्त झालेला कंडक्टर. विहारात जाणारा काशीराम आणि चर्चमध्ये जाणारे शरदराव यांच्यात धर्मावरून कधी वाद झाला नाही, कारण दोघांना त्याहून महत्त्वाचं पुष्कळ बोलायचं असे.

"शरद, एक सांगू?" काशीराम म्हणाला. "माझ्या बायकोनं सांगितलंय, कुनाला बोलू नको. म्हनून फक्त तुला सांगतो."

"सांग की."

"वयनींची तब्येत कशी हाय?"

"कुणाची? अनुपमाची? ठणठणीत."

"नाय, म्हंजे, माझी बायको पोलादपूरला त्या साताऱ्याच्या डाक्टरकडं जाते ना, डोक्याच्या. तो गुरुवारचा येतो बघ. थितं वयनी दिसल्या तिला. मागल्या खेपेला पन दिसल्या, पावसाळ्यात पन." काशीरामने चहाचा घोट घेतला. "तुला म्हायती नाय होय?"

"आहे की माहीत," शरदराव म्हणाले.

इतक्या वर्षांत एखादी बातमी त्यांच्याकडे इतरांनंतर आली, असं हे पहिल्यांदाच घडत होतं. गुरुवारी अनुपमा पोलादपूरला चंपाबाईकडे बायकांच्या प्रार्थनेला जाते, असं त्यांना माहीत होतं. म्हणजे तिने सांगितलं होतं. साऱ्या स्टँडवर कोण कुठे उतरतं, कुणाच्या हातात कसली पिशवी आहे हे टिपणारा माणूस, आणि रोज समोर बसून जेवणारी बायको कुठे जाते ते त्याला कंडक्टरच्या बायकोकडून कळलं.

घरी आले तेव्हा अनुपमा ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. शरदराव दारात उभे राहिले आणि पहिल्यांदाच तिच्या हातांकडे बघितलं. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासत होती, जणू ती एखादी गोळी वळते आहे. तिचं तिकडे लक्ष नव्हतं. काड्या डाव्या हाताने चालल्या होत्या.

"साताऱ्याचा डॉक्टर काय म्हणतो?" त्यांनी विचारलं.

अनुपमाने काडी खाली ठेवली. "कोण बोललं?"

"काशीराम."

"त्याला त्याच्या बायकोने सांगितलं असेल, कुणाला बोलू नको म्हणून."

"हो."

मग तिने सांगितलं. कंपवात. सुरुवात आहे. गोळ्या चालू केल्यात, गोळ्यांनी पुष्कळ वर्षं बरी जातात म्हणे. बटणं लावायला वेळ लागतो. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पेटीवर ऐकत नाहीत, वरच्या सुरांना जाईपर्यंत उशीर होतो. चंपाबाईला माहीत आहे, कारण दवाखान्यातून निघून बस मिळेपर्यंत कुठेतरी बसावं लागतं.

"महाडात नाही दाखवलंस?"

"महाडात केस पेपर निघायच्या आत तुमच्या बाकावर पोचला असता."

शरदराव खाली बसले. "मला सांगायचं नाहीस?"

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतं," अनुपमा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "पोलादपूरहून येताना बसमध्ये ठरवलं होतं, घरी गेल्या गेल्या सांगायचं. तुम्ही दार उघडलंत आणि कुणाच्या तरी जावयाचं काहीतरी सांगायला लागलात. मग माझ्या लक्षात आलं, की सांगण्यासारखा माणूस घरात आहे, पण त्याच्या पाठीमागे अख्खी मंडळी उभी आहे."

शरदरावांनी उठून दार लोटून घेतलं.

"एक मागते," ती म्हणाली. "नाताळपर्यंत मला पेटी वाजवू द्या. नाताळची उपासना होऊ दे. मग मीच सांगेन सगळ्यांना."

"अगं, पण तुला कुणी काढणार आहे का? उलट सगळे तुझ्यासाठी..."

"काढणार नाहीत. कळवळतील. प्रत्येक गाण्याला माझ्या बोटांकडे बघतील. एक सूर चुकला की माना हलवतील. इरावतीबाईंचा नातू कीबोर्ड घेऊन शेजारी बसेल, म्हणजे ताईंना त्रास नको. मला देवासाठी वाजवायचं आहे, हो. आजाऱ्याची भेट घ्यायला आल्यासारखी गाणी नकोत मला."

"नाही सांगणार," शरदराव म्हणाले. "कुणालाच नाही."

अनुपमाने त्यांच्याकडे बघितलं आणि उरलेली कोथिंबीर त्यांच्यापुढे सरकवली.

सैतान येतो तेव्हा शिंगं लावून येत नाही, हे शरदरावांनी पुष्कळ प्रवचनांत ऐकलं होतं. तो कळकळीच्या रूपाने येतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पहिले दोन दिवस त्याने नुसतं खाकरून दाखवलं. तिसऱ्या दिवशी तो मुद्द्यावर आला. म्हणाला, तुझी बायको आजारी आहे, आणि तू तिच्यासाठी प्रार्थनासुद्धा मागत नाहीस? परक्यांच्या पोरांसाठी मागतोस, आणि घरच्या माणसाची वेळ आली की गप्प? ही तर कंजुषी झाली. शरदरावांना हे पटलं. मग तो म्हणाला, नाव कशाला सांगतोस? नाव सांगू नकोस. देवाला कळतं.

रविवारी उपासना झाली. अनुपमाने पेटी वाजवली. शेवटच्या गाण्यात वरच्या सुराला ती किंचित मागे राहिली, आणि ते फक्त शरदरावांना कळलं. घरी येऊन जेवण झालं. अनुपमा आत आडवी झाली. शरदराव फोन घेऊन ओटीवर बसले.

मंडळीचा व्हॉट्सॲपवर एक गट होता. त्याचं नाव मध्यस्थी, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना. त्यात कुणी विषय टाकला की बाकीचे हात जोडलेली चित्रं टाकत. शरदराव लिहू लागले. खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी लिहिलं ते असं: "कृपया एका बहिणीच्या उजव्या हातासाठी प्रार्थना करा." वाचून बघितलं. नाव नव्हतं, आजाराचं नाव नव्हतं. मंडळीत बहिणी पुष्कळ, आणि प्रत्येकीला उजवा हात आहे. त्यांनी संदेश पाठवला.

पाठवल्यावर लगेच डोकं ताळ्यावर आलं. मंडळीत उजवे हात पुष्कळ असतील, पण दर रविवारी साऱ्यांच्या नजरेसमोर असणारा हात एकच.

त्यांनी घाईघाईने संदेश पुसून टाकला. दुपारची वेळ, मंडळी जेवून झोपलेली. कुणी वाचला नव्हता, हे त्यांनी पुसण्याआधी दोनदा तपासून पाहिलं होतं. पण पुसलेल्या संदेशाच्या जागी तो पुसल्याची ओळ राहते. मंडळी झोपून उठली तेव्हा तिला ती ओळ दिसली. शरद रणनवरे यांनी काहीतरी लिहिलं आणि पुसलं. अशी गोष्ट मंडळीच्या इतिहासात घडली नव्हती.

चहाच्या वेळेला इरावतीबाईंचा फोन आला.

"सलाम, शरदराव. काय होतं ते?"

"काही नाही, बाई. चुकून गेलं."

"चुकून काय गेलं?"

"असंच. चुकून."

"चुकून म्हणजे चुकीचं होतं, की खरं होतं आणि चुकून गेलं?" त्या थांबल्या. "बरं, फोनवर नको. बुधवारी सांगा. चंपाबाईकडे आहे ना सभा."

त्यानंतर आणखी फोन आले. दोघांनी तर विषय न कळताच प्रार्थना केल्याचंही कळवलं.

शरदरावांनी फोन ठेवला आणि वळून पाहिलं. अनुपमा दारात उभी होती. तिच्याही हातात फोन होता. मध्यस्थीच्या गटात ती होती, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"काय लिहिलं होतंत?" तिने विचारलं.

खोटं बोलावं असं त्यांना वाटून गेलं. एका दिवसात किती पापं करायची, असंही वाटलं. त्यांनी सांगितलं, "एका बहिणीच्या उजव्या हातासाठी प्रार्थना करा."

अनुपमाने मान डोलावली. "डावाही जरा जड वाटायला लागलाय. दुरुस्ती करून परत पाठवा."

ती आत गेली. त्या संध्याकाळी तिने पेटी उघडली नाही. सोमवारीही नाही. बोलायची, जेवायला वाढायची, साताऱ्याच्या गोळ्या आता फडताळामागे न लपवता समोर ठेवून घ्यायची. पण शरदरावांनी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी जरा थांबायची. हे उत्तर कुठपर्यंत जाईल, याचा अंदाज घेतल्यासारखी. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यात ती असं थांबायला कधी लागली, हे त्यांना आठवेना. बहुधा फार आधीपासून असावं.

मंगळवारी ती म्हणाली, "मी उद्या येत नाही. तुम्ही जा. बाई विचारणार, तुम्ही उभे राहणार, आणि एकदा उभे राहिलात की तुमच्या हातात काही राहत नाही."

"तू नाही आलीस तर पेटी?"

तिने पेटीवरचं फडकं सारखं केलं. "येते," म्हणाली.

बुधवारी चारच्या सुमारास दोघं पोलादपूरच्या गाडीत बसली. पेटी शरदरावांच्या मांडीवर होती. वाटेत त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. ती मोठ्याने नव्हती आणि तीत कुणाची माहितीही नव्हती, त्यामुळे ती फार लवकर संपली. त्यांना स्वतःलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

चंपाबाईच्या पडवीत सतरंज्या घातल्या होत्या. भाताची कापणी होऊन गेलेली, अंगणात पेंढ्यांचा वास. नेहमीपेक्षा जास्त माणसं आली होती. जी एरवी बुधवारी कामावरून दमून येत, तीही आज धडधाकट दिसत होती. इरावतीबाई पहिल्या रांगेत. अनुपमाने पेटी पुढे घेतली, भाता उघडला आणि गाणी झाली. हळुवार गाणी निवडली होती तिने. पाळक शेजवळांनी वचन सांगितलं. मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "प्रार्थनेचे विषय?"

एरवी चार जण एकदम उठत. आज कुणीच उठलं नाही.

"शरदरावांचा एक राहिला आहे," इरावतीबाई म्हणाल्या. "रविवारचा. पुसलेला."

शरदराव उभे राहिले. समोर सगळे चेहरे वर झालेले. अशा चेहऱ्यांसमोर उभं राहण्याचं सुख ज्याला माहीत आहे, त्यालाच दारुड्याची दया येते. वाक्यं तयार होती. एक होतं, "घरातल्याच एका माणसाच्या प्रकृतीविषयी." दुसरं त्याहून सरस होतं, त्याला सुरुवातीलाच हुंदका होता. आणि आत कुठेतरी तो कळकळीचा आवाज सांगत होता, की अरे, तुला रात्र रात्र झोप नाही, भीती वाटते, ही तुझीच माणसं आहेत, सांग आणि मोकळा हो. यातलं काहीच खोटं नव्हतं. त्यांना खरोखर भीती वाटत होती. अनुपमाने कप उचलायला दोन हात लावले की ते दुसरीकडे बघत. हे कुणाला तरी सांगावं, कुणीतरी पाठीवर हात ठेवावा, याची त्यांना इतकी गरज आयुष्यात कधी लागली नव्हती. आणि नेमक्या याच वेळेला तोंड मिटायचं होतं.

त्यांनी पेटीकडे बघितलं. अनुपमा त्यांच्याकडे बघत नव्हती. तिचा उजवा हात पदराखाली होता.

"विषय माझ्यासाठी आहे," शरदराव म्हणाले.

"काय झालं?" इरावतीबाई पुढे सरकल्या.

"जीभ."

"फोड आलाय का? लवंग धरा."

"नाही, बाई. दुखत नाही. चालते." मागे कुणीतरी हसलं आणि थांबलं. शरदरावांचा आवाज, जो स्टँडच्या पार टोकाला ऐकू जात असे, तो पुढच्या रांगेलाही नीट ऐकू येईना. "मी इतकी वर्षं इथे उभा राहून लोकांची दुखणी देवाला सांगत आलो. देवाला ती माहीत होती. तुम्हाला नव्हती. मला ते कळत होतं. म्हणजे आत कुठेतरी कळत होतंच. पण गोड लागायचं. दारू सोडलेला माणूस इथे साक्ष द्यायला उभा राहतो, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. मी तर दारू इथेच प्यायचो. तुमच्यासमोर. डोळे मिटून."

पुढे सरकलेल्या इरावतीबाई मागे सरकल्या.

"रविवारी पण प्यायलो. घोट घेऊन थुंकला, एवढंच. तर माझ्यासाठी प्रार्थना करा. नाव शरद रणनवरे," आणि ते खाली बसले.

पाळक शेजवळांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला आणि लगेच काढला. त्यांना आपल्या प्रवचनांसाठी असं काही कधी मिळालं नव्हतं, आणि त्यावर पुढे काय म्हणायचं तेही ठाऊक नव्हतं. "कोण प्रार्थना करेल?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी सवयीने इरावतीबाईंकडे बघितलं. लांब आणि मुद्देसूद प्रार्थना म्हणजे त्यांची. इरावतीबाई उठल्या. पदर डोक्यावरून घेतला. "हे दयाळू पित्या," त्यांनी सुरुवात केली, "तुझा दास शरद याच्या..." आणि तिथे थांबल्या. पुढचा मुद्दा सापडत नसावा, असं आधी वाटलं. मग दिसलं की त्यांची हनुवटी हलते आहे. पुण्यात नाशिकच्या मुलीबरोबर राहणारा तो मुलगा त्यांच्या सख्ख्या बहिणीचा नातू होता, आणि त्या बुधवारी त्यांनी नाव वदवून घेतल्यापासून ती बहीण त्यांचा फोन घेत नव्हती. इरावतीबाई प्रार्थना अर्धी ठेवून खाली बसल्या.

मग चंपाबाई बसल्या जागेवरूनच बोलली. "देवा, शरदभाऊंची जीभ सांभाळ. आनि आमचे कान पन सांभाळ, ते काय कमी नायत. आमेन."

"आमेन," सगळे म्हणाले. सभेच्या इतिहासातली ती सगळ्यात छोटी प्रार्थना असावी.

दुसरे विषय मागितले तेव्हा एकाने चाचरत परीक्षेचा विषय दिला, स्वतःच्याच मुलाच्या. एकीने आपल्या सासूशी आपण कसं बोलतो ते सांगितलं, सासू कशी बोलते ते नाही. पाळकांनी शेवटचं गाणं सांगितलं. अनुपमाने हात पदराबाहेर काढला. मधल्या कडव्यात बोटं अडली, एक अख्खी ओळ नुसत्या भात्यावर गेली, आणि मग तिने सूर पुन्हा धरला. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे माना खाली घालून गात होते, ज्याचा त्याचा हिशोब ज्याच्या त्याच्यापाशी.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. दोघांना शेजारी जागा मिळाली, पेटी पायांशी ठेवली. महाडचा फाटा येईपर्यंत शरदरावांनी तोंड उघडलं नाही. त्यांना वाटत होतं, अनुपमा काहीतरी म्हणेल. बरं केलंत, किंवा उशीर केलात, काहीही. ती खिडकीबाहेर बघत होती. तिचा उजवा हात त्यांच्या बाजूला होता आणि तो हलत होता, आणि आज ती तो लपवत नव्हती.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"एक सांगू?"

"सांग."

आणि तिने सांगितलं. हाताविषयी नव्हतं ते. फार जुनी गोष्ट होती, तिच्या माहेरची, लग्नाच्या आधीची, कुणालाच कधी न सांगितलेली. सांगताना ती दोनदा थांबली, पण अंदाज घ्यायला नव्हे. ती गोष्ट काय होती, हे शरदरावांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे ती इथेही मिळणार नाही.

सांगून झाल्यावर तिने खिडकीची काच ओढून घेतली. मग तिने त्यांच्याकडे बघितलं.

"काही बोलत नाही?"

"नाही."

"बरं वाटतंय ना?"

"नाही," शरदराव म्हणाले. "पोटात ठेवायचंय ना, गोळा आलाय."

अनुपमा हसली. किती दिवसांनी हसली, ते त्यांनी मोजलं नव्हतं. तिने हलणारा हात उचलला आणि त्यांच्या हातावर ठेवला. तिथेही तो हलतच राहिला.

"राहू दे," ती म्हणाली. "होईल सवय."